तेल घरांत, तेली दाराबाहेर

श्रोतेहो, मुंबईहून कोकणांत उतरण्याचा खुष्कीचा रस्ता जेव्हां सोयीचा नव्हता, तेव्हां कुलाबा जिल्ह्याचें एक मोठें दार म्हणजे धरमतरचें बंदर होतें. आंबा नदीच्या खाडींत आगबोट येऊन लागे, उतारू उतरत, आणि बैलगाडींतून, पुढें पुढें मोटारींतून, पेण, नागोठणें, रोहें, महाड असे आपापल्या गांवाकडे पांगत. मुंबईस परत जातांनाहि हीच खाडी आणि हीच आगबोट. आज त्या जिल्ह्याचें नांव रायगड आहे, खाडीवर पूल झाला आहे, आणि धरमतरच्या धक्क्यास उतारूंऐवजीं डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल लागतो. परंतु या मुलखांतून पोटासाठीं जीं माणसें बाहेर पडलीं, त्यांत एका लहानशा जमातीचीं कुटुंबें होतीं. आणि त्यांपैकीं कांहींची वाट मुंबईस न संपतां समुद्रापार गेली. त्या जमातीची हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे. ती तिच्या थोरवीची हकीकत नाहीं. कष्ट हवे असतात, पण कष्ट करणारा माणूस नको असतो, हा जो जगाचा जुना व्यवहार आहे, त्याची ती हकीकत आहे.

ही जमात म्हणजे बेने इस्राएल. कोकणांत त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल गाळणें हा त्यांचा धंदा, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवावयाचा हा त्यांचा धर्म. त्यांच्यांतील परंपरा अशी कीं, कित्येक शतकांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. या घटनेचा काळ निरनिराळे लोक निरनिराळा धरतात. तथापि एवढें खरें कीं, मुंबई नांवारूपास येण्यापूर्वींच हे लोक कोकणच्या मातींत मुरून गेले होते. बोलीनें, पोशाखानें, खाण्यापिण्यानें ते मराठीच होते. त्यांचीं आडनांवें पाहा : पेणचा तो पेणकर, रोह्याचा रोहेकर, कुंडलिकेपलीकडल्या अष्टमीचा अष्टमकर, धरमतर ओलांडल्यावर लागणाऱ्या पेझारीचा पेझारकर. नवस फेडावयाचा तर पोहे, नारळ आणि फळें यांचा मलिदा करावा; धर्मकथा ऐकावयाची तर मराठी कीर्तनांतून ऐकावी, अशी त्यांची रीत. पेणेस आणि रोहें-अष्टमीस त्यांचीं प्रार्थनामंदिरें आहेत. मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं बांधलें. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मसजिद या रेल्वे स्थानकाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात.

तेल्याच्या धंद्याकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे, कारण पुढील कथेचें बीज त्यांत आहे. जुन्या गांवगाड्यांत तेलावांचून कोणाचेंच चालत नसे. देवापुढची समई त्याच तेलावर जळे, बाळंतिणीच्या अंगाला तेंच तेल लागे, सणासुदीची कढई त्याच तेलानें भरे. परंतु सकाळीं घराबाहेर पडतांना तेली समोर आला तर अपशकुन झाला, असें म्हणणारे लोकहि त्याच गांवांत राहत. तेल देवघरापर्यंत जाई; तेली ओटीखालीं उभा राही. ज्याच्या कामावांचून घर चालत नाहीं, त्याच्या पायरवानें घराचें वाईट होतें, हा न्याय कोणी कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेला नव्हता. तो सवयीनें चाले, आणि सवय ही कायद्याहून चिवट असते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हीं कुटुंबें मुंबईस येऊं लागलीं. पुरुष कंपनीच्या पलटणींत शिरले, कोणी सुतार व गवंडी झाले. पुढें शाळा निघाल्यावर रेल्वे, टपाल, कस्टम या खात्यांत कारकून झाले. १८७५ सालीं त्यांची स्वतःची इस्राएली शाळा मुंबईंत निघाली. मुलीहि शिकूं लागल्या. शिकलेल्या स्त्रीस जे मोजके धंदे त्या काळीं मोकळे होते, त्यांत एक शिक्षिकेचा आणि दुसरा रुग्णालयांतील परिचारिकेचा. या दोन्ही धंद्यांत बेने इस्राएल स्त्रिया लौकर शिरल्या.

परिचर्येचा धंदा तेव्हां आपल्याकडे मानाचा समजला जात नसे. मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ सालीं उघडलें. स्त्रियांसाठीं आणि स्त्री-डॉक्टरांच्या हातीं चाललेलें तें रुग्णालय होतें. १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत ही पहिली हिंदी स्त्री परिचर्येच्या शिक्षणास पुढें आली, अशी त्या धंद्याच्या इतिहासांत नोंद आहे. पण पांढरपेशा हिंदु घरांतील मुलीनें परक्याचें अंग पुसावें, रात्रपाळी करावी, रोग्याचें भांडें उचलावें, ही कल्पनाच समाजास सोसवत नव्हती. म्हणून ही जागा ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि बेने इस्राएल मुलींनीं भरून काढली. तेल्याच्या धंद्यांत जो न्याय होता तोच त्यांना येथें पुन्हा भेटला. परिचारिकेचा हात जखमेवर हवा होता. पण तिला घरीं सून म्हणून आणण्यास, शेजारीण म्हणून बोलावण्यास लोक कचरत. शिवाय रुग्णालयाच्या जिन्यावर रंगाचा एक क्रम होता. वरच्या पायरीवर विलायतेहून आलेली गोरी बाई, तिच्या खालीं अँग्लो-इंडियन, आणि त्या सर्वांखालीं हिंदी परिचारिका. शुश्रूषा कोणाच्याहि हातची चाले. हुकूम मात्र ठराविक रंगाच्या तोंडूनच यावा लागे.

हा क्रम मोडणाऱ्यांत याच जमातीची एक स्त्री होती. झिराड हें अलिबागजवळचें गांव. त्या गांवाचें नांव लावणाऱ्या कुटुंबांत जेरूशा झिराड यांचा १८९० सालीं जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून त्या विलायतेस गेल्या, आणि १९१९ सालीं लंडन विद्यापीठाच्या एम. डी. झाल्या. ज्या कामा रुग्णालयाचा कारभार प्रारंभीं विलायती डॉक्टरीण बाईंच्या हातीं होता, त्याच्या त्या १९२८ पासून १९४७ पर्यंत अधीक्षक होत्या. १९६६ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. एका स्त्रीच्या कर्तृत्वानें सर्वांच्या वाटेवरील अडथळे दूर होत नाहींत, हें खरें. पण वरची पायरी चढण्याची कुवत कोणत्या रंगाच्या माणसांत असते, या प्रश्नाचें उत्तर त्यामुळें कायमचें मिळालें.

आतां या जमातीस पहिला मोठा अपमान कोणाकडून पोंचला तें ऐकण्यासारखें आहे. तो परधर्मीयांकडून पोंचला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बगदादकडून कांहीं यहुदी व्यापारी मुंबईस आले. ते धनाढ्य होते, वर्णानें उजळ होते, आणि पुढें पुढें युरोपियन समाजांत बसूं-उठूं लागले. प्रथम त्यांनीं बेने इस्राएलांच्याच प्रार्थनामंदिरांत प्रार्थना केली, त्यांच्याच दफनभूमींत आपलीं प्रेतें पुरलीं. पण १८३६ सालीं त्यांच्यांतील कांहींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, दफनभूमींत दोन जमातींच्या मध्यें भिंत घालून द्यावी. मेलेल्यांतहि शिवाशीव! याच वृत्तीचें पुढचें पाऊल रंगूनमध्यें पडलें. तेथील प्रार्थनामंदिराच्या विश्वस्तांच्या निवडणुकींत बेने इस्राएलांस मत देऊं नये असें ठरविण्यांत आलें. प्रकरण रंगूनच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि १९३५ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, बेने इस्राएल हे यहुदी असून त्यांना मताचा हक्क आहे. कोर्टांत ते जिंकले. परंतु ज्याला आपण यहुदी आहोंत हें कोर्टांत सिद्ध करावें लागतें, त्याच्या मनास काय वाटत असेल याचा हिशेब कोणत्याहि निकालपत्रांत नसतो.

१४ मे १९४८ रोजीं इस्राएलचें राज्य स्थापन झालें. हिंदुस्थानांत बेने इस्राएलांची संख्या तेव्हां सुमारें वीस हजार होती. या देशांत त्यांचा धर्मावरून छळ कधीं झाला नव्हता, ही गोष्ट ते स्वतःच अभिमानानें सांगत. तरीहि पिढ्यान् पिढ्या ज्या यरुशलेमचें नांव प्रार्थनेंत घेतलें, तेथें जाण्याची ओढ स्वाभाविक होती. त्यांत इंग्रज गेल्यामुळें सरकारी खात्यांतील आपल्या नोकऱ्यांचें पुढें काय होईल, ही धास्तीहि मिसळली. १९४८ ते १९५२ या काळांत दोन हजारांहून अधिक बेने इस्राएल त्या नव्या देशांत गेले. घर विकलें, भांडींकुंडीं वांटलीं, नोकरीचा राजीनामा दिला आणि निघाले. जेथें आपण सर्वांसारखे असूं, जेथें आपल्याला आपला धर्म कोणास समजावून सांगावा लागणार नाहीं, अशा ठिकाणीं आपण जात आहोंत असा त्यांचा समज होता.

तेथील स्थिति कशी होती, तेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. राज्य स्थापन झाल्यापासून साडेतीन वर्षांत त्या देशाची यहुदी वस्ती दुप्पट झाली. युरोपांतील संहारांतून वांचलेले, इराक, येमेन, मोरोक्को येथून आलेले असे लाखों लोक तंबूंच्या छावण्यांत राहत होते. अन्न, वस्त्र, सर्व कांहीं शिधापत्रिकेवर होतें. हाल सगळ्यांचेच झाले. परंतु हालांचीहि वांटणी असते. कोण तंबूंतून आधीं पक्क्या घरांत जातो, कोणाला कचेरींतलें काम मिळतें आणि कोणाच्या हातीं कुदळ येते, कोणाला शहराजवळ ठेवतात आणि कोणाला दक्षिणेकडील वाळवंटाच्या तोंडावर पाठवितात, यांत माणसांची वर्गवारी झाली. मुंबईंत ज्यानें वीस वर्षें रेल्वेच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्याला इंग्रजी येत होतें, मराठी येत होतें. पण इब्री भाषा त्याला प्रार्थनेपुरतीच येई, बोलतां येत नसे. जी स्त्री मुंबईंत शिक्षिका किंवा परिचारिका होती, तिचीहि तीच अडचण. भाषेअभावीं शिक्षणाची किंमत शून्य झाली, आणि मग उरलें तें खडी-मातीचें, झाडलोटीचें, कमी मजुरीचें काम. आम्हांस सर्वांत जड व सर्वांत हलकें काम मुद्दाम देतात, ही त्यांची पहिली तक्रार होती.

दुसरी तक्रार पावाची होती. बैरशेबा हें नांव मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्या प्रत्येक बेने इस्राएलाच्या ओळखीचें. अब्राहामाच्या विहिरीची ती जागा. त्याच बैरशेबांत बेने इस्राएलांनीं पांढरा पाव मागितला असतां, तुम्ही काळे आहांत, तुम्ही काळाच पाव खा, असें त्यांस सांगण्यांत आलें, हें गाऱ्हाणें त्यांनीं जाहीरपणें मांडलें. शिध्याच्या दिवसांत पाव ही लहान गोष्ट नव्हे. पण या गाऱ्हाण्याचें मूळ पोटांत नव्हतें. याच कुलाबा जिल्ह्यांत, पेण-नागोठण्याहून पुढें जाणाऱ्या वाटेवर महाड आहे. २० मार्च १९२७ रोजीं तेथें चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी प्याले, तें तहान लागली होती म्हणून नव्हे. तळ्यावर गुराढोरांस बंदी नव्हती, माणसांस होती. पाणी असो कीं पाव असो, तो जन्म पाहून वांटूं लागले म्हणजे त्या घोटांत व त्या घासांत विष कालवलें जातें, हें कोकणच्या माणसाला कोणी नव्यानें शिकवावयास नको होतें.

१९५१ च्या अखेरीस तेल-अवीव शहरांत एक विलक्षण देखावा दिसला. ज्यूइश एजन्सी या, नवागतांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या कचेरीसमोर सुमारें दीडशें बेने इस्राएलांनीं ठाण मांडलें. बायकामुलेंहि बरोबर होतीं. त्यांनीं कोणावर हात उगारला नाहीं. कचेरीच्या दाराशीं बसून राहिले, अन्न सोडलें, आणि एकच मागणी केली : आम्हांस हिंदुस्थानांत परत पाठवा. ही रीत ते येथूनच घेऊन गेले होते. धरमतरच्या खाडीपलीकडे चरी गांवच्या कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसण्यास नकार देऊन संप चालविला होता. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहांत १९३० सालीं माणसें गोळ्यांना बळी पडलीं होतीं. अशा मुलखांत आणि अशा काळांत वाढलेल्या माणसांस, अन्याय झाला म्हणजे काय करावयाचें तें ठाऊक होतें.

तेथील अधिकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, यांत वर्णभेद नाहीं. या लोकांना नव्या देशाशीं जुळवून घेतां येत नाहीं, एवढेंच. असा वाद जेव्हां उभा राहतो, तेव्हां हेतूविषयीं घासाघीस करण्यांत अर्थ नसतो. मनांतला हेतु कोण कोणास दाखविणार? काम देणारा शपथेवर सांगेल कीं माझ्या मनांत रंग नव्हता, आणि कदाचित् तें खरेंहि असेल. म्हणून अशा वेळीं हेतु पाहूं नये, वांटणी पाहावी. जड काम एकाच रंगाच्या माणसांकडे वारंवार जातें काय? वरची जागा दुसऱ्याच रंगाला पुन्हा पुन्हा मिळते काय? याचें उत्तर होय असेल, तर कोणाच्या मनांत काय होतें हा प्रश्न गौण ठरतो.

शेवटीं सरकार नमलें. १९५२ ते १९५४ या काळांत मिळून तीनशेंहून अधिक बेने इस्राएल हिंदुस्थानांत परत पाठविले गेले. परंतु कथा येथें संपली असती तर ती सोपी झाली असती. मुंबईस परतलेल्या या लोकांचें घर गेलें होतें, नोकरी गेली होती. पुष्कळांनीं थोड्याच काळांत पुन्हा इस्राएलला जाण्याची परवानगी मागितली, आणि त्यांतील बहुतेक कांहीं वर्षांनीं तिकडे परत गेले. तेव्हां कांहीं लोक म्हणाले, पाहा, गाऱ्हाणें खोटें होतें! हा युक्तिवाद फार जुना आहे. घरकाम सोडून गेलेली मोलकरीण पोटासाठीं परत आली म्हणजे मालकीणहि असेंच म्हणते. माणूस परत जातो तो अपमान झालाच नव्हता म्हणून नव्हे. दुसरीकडे चूल पेटत नाहीं म्हणून तो अपमान गांठीस बांधून परत जातो.

परत गेलेल्यांस आणखी एक परीक्षा द्यावयाची होती. १९६२ सालीं तेथील प्रधान धर्मपीठानें विवाह नोंदणाऱ्या धर्माधिकाऱ्यांस आज्ञा दिली कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणी इतर यहुद्याशीं विवाह करूं इच्छील, तर त्याच्या घराण्याची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. रोहेकराच्या मुलीनें आपल्या आजीच्या आजीचा पुरावा कोठून आणावा? त्या जमातीनें दोन वर्षें झगडा केला, मोर्चे काढले, यरुशलेमांत धरणें धरलें. ऑगस्ट १९६४ मध्यें पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनीं तेथील पार्लमेंटापुढें निवेदन केलें, आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत, असें जाहीर झालें. पुढें धर्मपीठाच्या आज्ञेंतूनहि जमातीचें नांव गेलें. बैरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद या गांवांत आज त्यांचीं नातवंडें नांदत आहेत, आणि ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिकहि त्या देशांत निघालें. त्यांनीं झगडा जिंकला, पण मराठी टाकली नाहीं.

येथें एक कडू गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ‘काळा’ हा शब्द या जमातीस बैरशेबांत प्रथम ऐकूं आला नाहीं. कोकणांत असतांना त्यांच्या स्वतःच्यांत दोन भाग होते : गोरे बेने इस्राएल आणि काळे बेने इस्राएल. ज्यांच्या वंशांत कधीं काळीं परजातीची स्त्री आली असें मानलें जाई, ते काळे. गोरे त्यांच्याशीं सोयरीक करीत नसत, आणि पूर्वीं पंगतींतहि भेद पाळला जाई. कातडीचा रंग दोघांचा सारखाच असला तरी नांव मात्र काळे. हा भेद त्यांनीं यरुशलेमाहून आणलेला नव्हता. तो आपल्या गांवगाड्यांतून, आपल्या जातींच्या उतरंडीकडे पाहून त्यांनीं उचलला होता. खालच्या पायरीवरचा माणूस आपल्याखालीं आणखी एक पायरी खणतो आणि तिच्यावर दुसऱ्यास उभा करतो. म्हणून वर्णद्वेष हा अमक्या लोकांचा दुर्गुण आणि तमके लोक त्याचे बळी, अशी विभागणी करून चालत नाहीं. ज्याच्या हातीं वांटण्याचें काम येतें, त्याच्या हातीं हा दोष येण्याचा संभव असतो.

हा व्यवहार अगदीं उघडा पाहावयाचा असेल तर रुग्णालयांत जावें. कारण तेथें ज्याला परका मानतात, त्याच्याच हातीं आपला जीव द्यावा लागतो. मेरी सीकोल ही जमैका बेटांतील किंग्स्टन येथें १८०५ सालीं जन्मलेली सांवळी स्त्री. आईकडून औषधोपचार शिकलेली, पटकीच्या सांथींत काम केलेली. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धासाठीं इंग्लंडांत परिचारिका घेत होते, तेव्हां ती लंडनास गेली; तिला घेतलें नाहीं. आपल्या कातडीमुळें तर हें झालें नसेल ना, असा प्रश्न तिनें १८५७ सालीं छापलेल्या आपल्या आत्मचरित्रांत केला आहे. ती स्वतःच्या खर्चानें युद्धभूमीवर गेली आणि शिपायांची शुश्रूषा करीत राहिली.

पुढें शंभर वर्षांनीं इंग्लंडलाच परिचारिकांची टंचाई पडली. १९४८ सालीं तेथें सर्वांसाठीं सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि कॅरिबियन बेटांतून मुलींना बोलावून घेण्यांत आलें. तेथें परिचारिकांचे दोन वर्ग होते. तीन वर्षांच्या शिक्षणाचा वरचा वर्ग, त्यांतून बढती मिळे; दोन वर्षांच्या शिक्षणाचा खालचा वर्ग, त्यांत बढतीची वाट बंद. बेटांवरून आलेल्या कित्येक मुलींना हा फरक न सांगतांच खालच्या वर्गांत घातलें गेलें. त्यांना तो फरक कळला तेव्हां वर्षें गेलीं होतीं. आणि मायदेशीं त्या खालच्या प्रमाणपत्रास कोणी विचारीत नव्हतें. कोणी त्यांना शिवी दिली नाहीं. फक्त अर्ज एका फडताळांतून दुसऱ्या फडताळांत गेला. २०२० च्या महासांथींत अमेरिकेंतील परिचारिकांत फिलिपाइन्समधून आलेल्या घराण्यांतील परिचारिका शेंकडा चारच होत्या. पण त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत मेलेल्या परिचारिकांत त्यांचा वांटा जवळजवळ एकतृतीयांश निघाला, असें तेथील परिचारिकांच्या संघटनेनें प्रसिद्ध केलें. रोग्याच्या अगदीं उशाशीं उभें राहण्याचें काम कोणाकडे होतें, हें त्या आंकड्यावरून दिसतें. वांटणी पाहावी असें मीं म्हटलें, तें याकरितां.

आतां शेवटीं आपल्या घराकडे पाहूं. मे २०२० मध्यें कलकत्त्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपुरच्या १८५ परिचारिका नोकरी सोडून आपल्या गांवीं निघून गेल्या. सांथ ऐन भरांत होती, आणि त्यांची कधीं नव्हे इतकी गरज होती. चेहरेपट्टीवरून होणारी हेटाळणी आणि परकेपणाची वागणूक, हें त्यांनीं सांगितलेल्या कारणांपैकीं एक होतें. आपल्याच देशाच्या नागरिकांना आपल्याच देशांत तेल-अवीवच्या त्या बेने इस्राएलांसारखें म्हणावें लागलें, आम्हांस घरीं जाऊं द्या. मुंबईची गोष्ट निराळी आहे काय? केरळांतून आलेल्या परिचारिकांनीं गेलीं साठ-सत्तर वर्षें या शहराचीं रुग्णालयें सांभाळलीं. त्यांना ‘सिस्टर’ म्हणून हांक मारणारे आपण, पाठ फिरतांच सरसकट ‘मद्रासी’ म्हणतों. त्यांच्या मराठी उच्चारांची नक्कल करून हंसतों. १९६६ नंतर याच मुंबईंत दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांविरुद्ध मोठी चळवळ झाली, तेव्हां रात्रपाळी संपवून घरीं जाणाऱ्या त्या बायका कोणत्या मनानें रस्त्यानें चालल्या असतील? आणि तिकडे इस्राएलांत २०२३ सालीं जे सुमारें अठरा हजार भारतीय होते, त्यांतले बहुतेक जण वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठींच गेलेले होते. ज्या देशांत पेणकर-रोहेकरांनीं बरोबरीच्या हक्कासाठीं उपास काढले, त्याच देशांत आतां दुसरे भारतीय परक्या म्हाताऱ्यांच्या उशाशीं बसले आहेत.

श्रोतेहो, उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं. इतिहास सांगणाऱ्यानें फार तर एक कसोटी हातीं द्यावी. ज्या ठिकाणीं बाहेरून आलेलीं माणसें काम करतात, तें रुग्णालय असो, कारखाना असो, कीं आपलें स्वतःचें घर असो, तेथें तीन गोष्टी पाहाव्या. जड काम आणि रात्रपाळी कोणाच्या वांट्यास अधिक येते? बढतीची वेळ आली म्हणजे कोणाचें नांव वगळलें जातें? आणि त्या माणसास हांक कोणत्या नांवानें मारतात, त्याच्या स्वतःच्या, कीं त्याच्या मुलखाच्या? या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं, तर दुसरा पुरावा शोधावा लागणार नाहीं. कोकणच्या शनवार तेल्यांनीं दया कधीं मागितली नाहीं, आणि परिचारिकाहि ती मागत नाहींत. आमच्या हातचें काम घेतां, तर आम्हांलाहि माणूस म्हणून आंत घ्या, एवढेंच त्यांचें म्हणणें आहे. तेल समईंत घालून झाल्यावर तेल्याला ओटीवर बसवून पाणी द्यावयाचें, ही रीत आपल्या गांवगाड्यानें शेंकडों वर्षें शिकून घेतली नाहीं. आपण ती शिकतों कीं नाहीं, हें आपल्या रुग्णालयांत दिसेल.